कावेरीतला राजा आणि लोणावळ्याचा पाहुणा

म्हैसूरला जाऊन आलेल्या कुणाही मराठी कुटुंबाला ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं. रोषणाईतला राजवाडा, चामुंडीची टेकडी, वृंदावन गार्डनची कारंजी, येताना म्हैसूरपाकाचा डबा आणि चंदनाचा साबण. हाताशी अर्धा दिवस उरलाच तर श्रीरंगपट्टण आणि रंगनतिट्टूला नावेत बसून पक्षी. कावेरी या साऱ्यात असते, पण नाटकाच्या मागच्या पडद्यासारखी. तिच्याकडे बघायला सवड कुणाला?

खरी कावेरी भेटते ती म्हैसूर सोडून पूर्वेकडे गेल्यावर. शिवनसमुद्रला ती जवळजवळ शंभर मीटर खाली उडी घेते. याच पाण्यावर १९०२ मध्ये वीज तयार झाली आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेली. सहलीच्या बसगाड्या इथे तासभर थांबतात आणि परत फिरतात. नदी मात्र पुढे डोंगरांच्या आत शिरते. भीमेश्वरी, मुत्तत्ती, गलिबोरे, मग अर्कावती नदीचा संगम आणि शेवटी मेकेदाटू, म्हणजे ‘बोकडउडी’. तिथे कातळाच्या फटीतून एवढी मोठी नदी अशी आक्रसून जाते की, बोकडाने उडी मारून पार व्हावं.

ही दरी म्हणजे हिरव्यागार सह्याद्रीचं चित्र नव्हे. दोन्ही बाजूंना उन्हाने करपलेले, काटेरी झुडपांचे डोंगर. पाणी तेवढं हिरवं. काठावर अर्जुनाची आणि चिंचेची प्रचंड झाडं, त्यांची मुळं नदीत उतरलेली. पात्रात हत्तींएवढे गुळगुळीत खडक, आणि कधी कधी त्यातला एखादा खडक खरोखरच हत्ती निघतो! झाडांच्या शेंड्यावर राखी रंगाचं शेकरू, जे आपल्या भीमाशंकरच्या शेकरापेक्षा वेगळं आहे आणि जगात फक्त दक्षिण भारत आणि श्रीलंकेतच सापडतं. वाळूवर मगरी, पाण्यात पाणमांजरांची टोळी, वर घिरट्या घालणारा मत्स्यगरुड. मुत्तत्तीला मारुतीचं देऊळ आहे. सीतामाईचा मोती इथे डोहात पडला आणि मारुतीने शेपटीने पाणी ढवळून तो काढून दिला, अशी तिथली दंतकथा. १९८७ मध्ये हा सारा भाग कावेरी वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

या रानात मुक्काम ठोकून राहणारी माणसं फार थोडी. जंगलखात्याचे रक्षक, काठच्या वाड्यांमधले कोळी, गुराखी, आणि अनेक वर्षं आणखी एक जमात इथे न चुकता यायची. हातात लांब गळ, डोक्याला टोपी आणि अंगी विलक्षण चिकाटी असलेली. जानेवारी ते मार्च, पाणी निवळलेलं आणि उतरलेलं असताना, ही मंडळी एकेका खडकावर आठ-आठ तास बसत. गळाला मासा लागो न लागो, आठ तास एकाच जागी गप्प बसलेल्या माणसाला जंगल दिसतं. जीपमधून धावत जाणाऱ्याला ते दिसत नाही. पहाटेचं धुकं पाण्यावरून कसं उठतं, हत्तींचा कळप पलीकडच्या काठाला कोणत्या वाटेने उतरतो, दुपारी वारा पडला की डोह कसा काचेसारखा होतो, हे सगळं त्यांच्या आठवणींत आणि लिखाणात येतं. माशाचं वर्णन दोन ओळींचं आणि नदीचं दोन पानांचं, असंही पुष्कळदा होतं.

पण ते येत होते माशासाठीच. साधासुधा मासा नव्हता तो.

पन्नास किलोंचा पैलवान

म्हैसूर शहरात व्हॅन इंगेन नावाचं एक घराणं होतं. मेलेल्या वाघ-बिबट्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंत भासतील असे करून देणारा त्यांचा कारखाना जगभर नावाजलेला होता. तो १९९९ मध्ये बंद झाला. घराण्याच्या मूळ पुरुषाने आपल्या मुलांना बोअर युद्धातल्या सेनापतींची नावं दिली होती. त्यांपैकी डी वेट व्हॅन इंगेन यांनी १९४६ मध्ये म्हैसूरजवळच्या कबिनी नदीत गळाने एक मासा काढला. वजन १२० पौंड, म्हणजे ५४ किलोंहून जास्त! घरातल्या कर्त्या माणसाच्या वजनाचा मासा, आणि तो एका दोरीच्या टोकाला. त्याआधी १९१९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या लष्करी अधिकाऱ्याने कावेरीत ११९ पौंडांचा काढला होता. १२० पौंडांचा विक्रम मात्र पुढे कुणाला मोडता आला नाही.

हा मासा म्हणजे महसीर. मोठाले खवले, जाड ओठ, जबड्यात एकही दात नाही. दात असतात ते घशात, आणि त्यांच्यामध्ये सापडलेला खेकडा जिवंत सुटत नाही. तो शाकाहारीही आहे आणि मांसाहारीही. काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळं खातो, शिंपले खातो, लहान मासे खातो. कावेरीकाठी त्याच्यासाठी आमिष लागतं ते शिजवलेल्या नाचणीच्या गोळ्याचं. कानडी घरात जेवायला असतो तोच रागीमुद्दा, फक्त जरा घट्ट! कन्नडमध्ये त्याला ‘बिळि मीनु’, पांढरा मासा म्हणतात. पण कावेरीतल्या महसीराची खरी ओळख वेगळी होती. पाठीवर डोक्यामागून उठलेलं मोठं वशिंड आणि नारिंगी पर.

गळाला लागल्यावर तो पहिल्या धावेतच शे-दीडशे हात दोरी ओढून नेतो, तीही धारेच्या विरुद्ध, खडकांमधून. पुष्कळदा माणसालाच बांबूच्या गोल टोपलीसारख्या नावेत बसून त्याच्यामागे जावं लागे. मद्रास इलाख्यातले एक सनदी अधिकारी, एच. एस. थॉमस, यांनी १८७३ मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर मोठं पुस्तक लिहिलं आणि महसीराचं नाव विलायतेत पोहोचवलं. अर्थात हा छंद साहेबाने आणला असं समजायचं कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात म्हणून आपल्या भाषेचे अभ्यासक त्याला मान देतात. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खाऊ घालावं, गळ कसा असावा, सगळं त्यात आलं आहे.

साहेबाने आणली ती दुसरीच गोष्ट. म्हैसूरहून दक्षिणेला बंडीपूरचं जंगल ओलांडून घाट चढला की उटी. त्या थंड माळांवरचे झरे पाहून इंग्रजांना आपल्या देशातल्या ट्राउट माशाची आठवण येई. ट्राउट पकडायची तऱ्हा नाजूक. आकड्याला पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बनवायची, ती हलक्या हाताने पाण्यावर टेकवायची आणि माशाला फसवायचं. याला म्हणतात फ्लाय फिशिंग. एकोणिसाव्या शतकातल्या खटपटी फसल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एच. सी. विल्सन या मत्स्यतज्ज्ञाने परदेशातून अंडी आणवून रेनबो ट्राउट निलगिरीच्या पाण्यात रुजवला. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. ॲव्हलांच इथे त्याच्यासाठी उबवणी केंद्र उभं राहिलं. आपल्या आवडीचा मासा परक्या नदीत सोडायचा आणि मग निसर्गाची शोभा वाढली म्हणून समाधान मानायचं, हा त्या काळातला रिवाजच होता. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कावेरीची गोष्ट समजून घ्यायची तर हे लक्षात ठेवावं लागतं.

उसनं नाव

स्वातंत्र्यानंतर महसीराचा बोलबाला ओसरला. धरणं झाली. म्हैसूरच्या वरच्या अंगाला कृष्णराजसागर, खाली तामिळनाडूत मेट्टूर, कबिनीवर आणखी एक. पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या माशाच्या वाटा तुटल्या. सुरुंगाने मासे मारायची चटक लोकांना लागली. एक बत्ती टाकली की पाटीभर मासे, आणि पिल्लांसकट डोह साफ! हा महसीर आता संपलाच, असं बाहेरचं जग धरून चाललं होतं. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण शोधत शोधत कावेरीवर आले आणि त्यांना ९२ पौंडांपर्यंतचे मासे मिळाले. बातमी पसरली. मग सरकारी ‘जंगल लॉजेस’च्या राहुट्या लागल्या, बंगळूरच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडियाने नदीचा एक पट्टा राखायला घेतला. नियम एकच : मासा पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. पूर्वी सुरुंग लावणारे काही गावकरीच वाटाडे झाले. मेलेल्या माशापेक्षा जिवंत मासा जास्त दिवस पोट भरतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही.

गंमत अशी की, जगभरचे लोक ज्याच्यासाठी हजारो मैल येत होते, त्या माशाला शास्त्राच्या दप्तरात स्वतःचं नावच नव्हतं! त्याला अनेक वर्षं ‘मुसुल्ला’ म्हटलं जाई. हे नाव आलं कुठून? तर आपल्या शिरूरजवळच्या घोड नदीतून. कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधले मासे गोळा करून १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. स्थानिक लोकांच्या तोंडची नावंच त्याने बहुतेक माशांना देऊन टाकली. घोड नदीतला तो मुसुल्ला, आणि पुण्याच्या मुळा-मुठेतला निळसर परांचा महसीर तो ‘खुद्री’. पुढे तपासणी झाली तेव्हा लक्षात आलं की, मुसुल्ला हा महसीरच नव्हे, दुसऱ्याच कुळातला मासा आहे. कावेरीचा राजा इतकी वर्षं शिरूरच्या एका परक्याचं नाव लावून फिरत होता.

खुद्री मात्र खराखुरा महसीर आणि महाराष्ट्राचा जुना सोयरा. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून जे मासे भाविक चुरमुऱ्यांवर पोसतात, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहात महादेवाचे म्हणून ज्यांना कुणी हात लावत नाही, ते याच गोतातले. म्हैसूरकडेही हीच रीत आहे. कावेरीकाठच्या रामनाथपुरला देवळाच्या घाटावर मासे माणसांच्या हातून खाऊ घेतात.

लोणावळ्याची पिल्लं

आता या कथेत लोणावळा येतं. टाटांच्या वीज कंपनीची मावळात धरणं आहेत. १९७० च्या सुमारास तिथल्या वळवण तलावाकाठी खुद्रीची कृत्रिम पैदास करायचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसायात उभी हयात घालवलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी तो तडीस नेला. काम सोपं नव्हतं. महसीर अंडी थोडी घालतो, पिल्लं सावकाश वाढतात. मादीच्या पोटावरून हलक्या हाताने अंडी काढायची, त्यावर नराचं पाणी सोडायचं, वाहत्या गार पाण्याच्या ट्रेमध्ये ती जपायची. देशातले महसीर संपत चालले असताना लोणावळ्यात त्यांची लाखो पिल्लं तयार होऊ लागली. ही मोठीच कामगिरी होती आणि आजही तिचं मोल कमी होत नाही.

ही पिल्लं मागेल त्याला मिळत. देशातल्या कितीतरी नद्यांमध्ये आणि तलावांमध्ये ती सोडली गेली. कावेरीतही. राहुट्यांवरच्या मंडळींना आनंदच झाला. नदीत महसीर कमी झाले आहेत ना, मग महसीर आणून सोडू! महसीर तो महसीर, निळ्या पराचा काय नि नारिंगी पराचा काय, असाच तेव्हा सगळ्यांचा समज होता. त्यात सरकार होतं, निसर्गप्रेमी होते, शास्त्रज्ञही होते.

पाहुणा कावेरीत रमला. इतका रमला की, काही वर्षांत गळाला तोच लागू लागला.

वहीतली नोंद

हे कळलं कसं? तर एका साध्या वहीमुळे. गलिबोरेच्या राहुटीवर येणारा प्रत्येक जण किती तास गळ टाकून बसला, किती मासे मिळाले, वजन किती, कोणत्या रंगाचा, याची नोंद ठेवली जाई. १९९८ ते २०१२ अशी पंधरा वर्षांची नोंद. वीस हजारांहून अधिक तास आणि सहा हजारांहून अधिक मासे! इंग्लंडच्या बोर्नमथ विद्यापीठातले एड्रियन पिंडर आणि कोचीचे राजीव राघवन यांनी ही पानं तपासायला घेतली.

वरवर पाहता चित्र झकास होतं. दर तासाला मिळणारे मासे वर्षागणिक वाढत होते. नदी सुधारतेय असंच कुणीही म्हटलं असतं. पण निळे आणि नारिंगी वेगळे मांडल्यावर कागद बोलू लागला. वाढ झाली होती ती सगळी निळ्या पराच्या पाहुण्यांची. वशिंडवाले घटत होते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, जे वशिंडवाले मिळत ते मोठाले असत. लहान मिळेनासे झाले होते. घरात आजी-आजोबा आहेत, पण पाळणा हलत नाही, त्यातली गत. हा मासा नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, असा इशारा २०१५ मध्ये दिला गेला.

याला एकट्या लोणावळ्याच्या पिल्लांना जबाबदार धरणं मात्र अन्यायाचं होईल. धरणं होती, वाळूउपसा होता, सुरुंग होते, शहरांचं सांडपाणी होतं. अशा खचलेल्या घरात काटक, भराभर वाढणारा पाहुणा आला आणि त्याने जागा धरली. एवढं खरं की, तो आपण होऊन आला नव्हता.

राजाला वाचवायचं तर कायदा हवा, आणि कायद्याला नाव हवं. अनामिक प्राण्याला कोणत्या यादीत घालणार? मग शोध सुरू झाला. यात पुण्याच्या आयसर संस्थेत संशोधन करणारे नीलेश डहाणूकर हेही होते. पुण्याच्या माशाने केलेली उलथापालथ निस्तरायला पुण्याचाच माणूस! पथकाला नारिंगी पराचे, वशिंडाचे मासे मिळाले ते कावेरीत नव्हे, तर मोयार नदीत. निलगिरीच्या पायथ्याशी बंडीपूर आणि मुदुमलै या जंगलांच्या मधून वाहणारी ही नदी एका खोल घळीत उतरते. इंग्रज त्या घळीला ‘म्हैसूरचा खंदक’ म्हणत. वर ट्राउटचे थंड माळ, खाली हा तापलेला खंदक, आणि दोन्हींचं पाणी शेवटी कावेरीलाच जाऊन मिळतं.

हाडं, खवले, जनुकं तपासून झाल्यावर उलगडा झाला. केरळच्या चिन्नार जंगलातल्या पांबार नदीतून काही वर्षांपूर्वी लहान पिल्लांवरून एका महसीराचं वर्णन झालं होतं. पांबारचं पाणीही पुढे कावेरीतच येतं. ती पिल्लं याच राजाच्या वंशातली होती. त्याचं नाव ‘टॉर रेमादेवी’. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत माशांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या डॉ. के. रेमादेवी यांच्या सन्मानार्थ ते ठेवलेलं आहे. पन्नास किलोंच्या त्या पैलवानाला अखेर एका शास्त्रज्ञ बाईंचं नाव मिळालं! जून २०१८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी जागतिक निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून केली. वाघाच्याही पलीकडची ही पायरी. त्याच सुमारास खुद्रीचं नाव मात्र धोक्याच्या यादीतून काढून ‘चिंता नाही’च्या रकान्यात गेलं.

मधल्या काळात राहुट्यांवरचे गळ गुंडाळले गेले होते. अभयारण्यात गळ टाकणं ही शिकारच, मग मासा परत सोडला तरीही, असा कायद्याचा अर्थ लावला गेला आणि २०१२ पर्यंत तिथली ही मासेमारी थांबली. कायद्याच्या बाजूने बोलायला जागा आहे. आकड्यात अडकून अर्धा तास झुंजलेल्या माशाला खेळ वाटत नसणार. पण त्याबरोबर दिवसभर नदीवर असणारे वाटाडे गेले, आणि गलिबोरेची ती वहीही थांबली.

म्हैसूरहून उटीला जाणारी बस तेप्पकाडूला एका पुलावरून मोयार ओलांडते. बाजूलाच हत्तींची छावणी आहे, त्यामुळे सगळे प्रवासी त्या बाजूच्या खिडक्यांकडे सरकतात, मुलं ओरडतात, कॅमेरे निघतात. पूल संपायला अर्धं मिनिटही लागत नाही. खालचं पाणी अर्जुनाच्या सावलीतून वाहत खंदकाच्या दिशेने निघालेलं असतं. तिथे खाली, जिथे कुणाला जायची परवानगी नाही, त्या डोहांमध्ये रेमादेवी असतात.